कळ नाही, कल

बत्तीस वर्षं शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात शाळेवर उलटल्या. करून करून भागली नि देवपूजेला लागली, असं शेजारी म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. ज्यांची मुलं शाळेत न जाता घरीच आपापलं शिकत, अशा सात घरांची बाजू आता बाई लढवत. अर्ज लिहून देत, कचेरीत सोबत जात, साहेबांशी हुज्जत घालत. "मला मावशी म्हणा," असं त्या सगळ्यांना बजावत. पण त्यांचा आवाज ऐकला की माणूस आपोआप ताठ बसे, आणि ताठ बसलेल्या माणसाच्या तोंडून मावशी निघत नाही.

यंदा पाळी आली शिंपिणीच्या नऊ वर्षांच्या मुलीची. मंगळवारी तिला कचेरीत आणा, साहेबांचं समाधान झालं नाही तर पुढच्या सोमवारपासून शाळेत घाला, असं पत्र आलं.

"सहा महिने घातलं होतं," शिंपीण मशीनवरून न उठता म्हणाली. "बोलणंच बंद झालं होतं पोरीचं. पुन्हा नाही हो जमायचं."

"घाबरू नकोस. हिला काही शिकवायचं नाही, हाच तर आपला मुद्दा," बाई म्हणाल्या आणि तिथेच शिकवायला बसल्या. "फक्त एक वाक्य. म्हण, मी माझ्या कलाने शिकते."

"मी माझ्या कळाने शिकते."

"कळ नाही, कल. दहादा म्हण."

रविवारी दहादा, सोमवारी वीसदा. जित्याची खोड, दुसरं काय.

मंगळवारी साहेबांनी विचारलं, "काय शिकतेस तू?"

"मी माझ्या कलाने शिकते," मुलगी घडाघडा म्हणाली.

"छान. कल म्हणजे काय?"

"माहीत नाही. कळ म्हटलं की बाई दहादा म्हणायला लावतात."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. शिंपिणीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीला वाचवायला आलो, तिचा घात आपणच केला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या मनाचं बोलू द्या."

मुलीने साहेबांना नीट न्याहाळलं. मग तिने साहेबांच्या खांद्याकडे बोट दाखवलं. "बाह्या उलटसुलट लागल्यात. डावी उजवीकडे गेलीय. हात वर केला की ओढतं ना?"

साहेबांनी हात वर केला. ओढलं.

"बाहीचा पुढचा गोल जास्त खोल कापतात, मागचा कमी. उसवून बदलल्या की झालं." मग टेबलावरचा कागद ओढून तिने दोन्ही गोल काढले आणि मापंही लिहिली, अपूर्णांकांसकट. साहेब नव्या शर्टाला आणि जुन्या शिंप्याला मनातल्या मनात शिव्या घालत ऐकत राहिले.

शेवटी त्यांनी अर्जावर शेरा मारला: 'मुलीने घरी शिकण्यास हरकत नाही. मात्र सदर बाईंनी तिला शिकवू नये.'

जिन्यावर शिंपीण रडता रडता हसत होती. बाईंना आनंद झाला होता आणि शेरा झोंबलाही होता. बत्तीस वर्षांत असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

"आता तुमच्याकडे यायचीही चोरी," त्या पुटपुटल्या.

"शिकवायला नका येऊ," मुलगी म्हणाली. "काज घालता येतं?"

येत नव्हतं. दुपारी मशीनशेजारच्या स्टुलावर बसून बाईंनी पहिलं काज घातलं. ते इतकं वाकडं आलं की त्यातून बटणाने जायचं नाकारलं असतं.

"दहादा घालू?" त्यांनी विचारलं.

"कशाला? बोटाला कळ आली की थांबा."

बाईंनी सवयीने तोंड उघडलं. कळ नाही, कल. मग त्यांनी टोचून लाल झालेल्या बोटाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. शब्द बरोबर होता.