हळू चालवणारी पुढं

माझा नातू प्रफुल बायकोले, हर्षाले, मागं टाकून सायकल हाकते, आणि घरी आला का तिलेच शिकवते. "सीट वर कर. पायडलवर टाच नको ठेवू, पंजा ठेव. चढ यायच्या आधीच गिअर बदलव." आता हर्षाच्या सायकलीले गिअरच नाई. शाळेत असताना भेटलेली सायकल ते. पण ह्याले मागं वळून पाहाले फुरसत असेल तर दिसेल ना!

दोघंही भद्रावतीले कामाले जातात. हा मोटारसायकलीच्या शोरूममध्ये, हर्षा दवाखान्यात नर्स. महिन्याचा पगार आणणारी आमच्या घरातली पहिली बाई ते. चौदा किलोमीटर रस्ता, मधात तीन किलोमीटर जंगल. प्रफुलनं आजूबाजूच्या गावचे सात-आठ सायकलवाले जमवले आहेत. कोण किती मिनिटात पोचला ते रोज मोबाइलवर टाकतात.

मागच्या सोमवारी हर्षा संध्याकाळी एसटीनं आली. सायकल दवाखान्यातच. चप्पल काढली आणि माझ्यापाशी बसली.

"आजी, मी नोकरी सोडते."

"काऊन?"

"सकाळी जंगलात चेन उतरली. हे पुढं निघून गेले होते. हाका मारल्या. झाडीत काहीतरी वाजलं, मग चेनच बसेना. तशीच सायकल ढकलत बाहेर निघाली."

प्रफुल मागून बोलला, "मी जंगल संपल्यावर थांबलोच होतो ना! दहा मिनिटं गेली माझी."

माझं तोंड बंद राहते असं कधी होत नाई, हे गावाले माहीत आहे. पण चेन म्हटल्यावर मले पुलियावरची कुंता दिसली.

चाळीस वर्षं झाली असतील. कुंता धरून आम्ही पाच जणी ह्याच रस्त्यानं सायकलीवर मासे घेऊन कोळसा खाणीच्या कॉलनीत विकाले जायचो. माझ्या मालकानं, देवरावनं, मले त्याच्या चोवीस इंची दांडीच्या सायकलीवर शिकवलं होतं. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा आणि बसायचं. तलावावरून टोपलं भरलं का कॅरिअरले जुन्या ट्यूबनं आवळायचं, वरून ओलं पोतं. उन्हाळ्यात निघायच्या आधी चाकातली थोडी हवा सोडायची, नाईतर भर डांबरावर ट्यूब फुटे. पावसात ब्रेक उशिरा धरते म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दाबायचा. कोळशाचा ट्रक मागून आला का अंगावर येण्याआधी चाक मातीत उतरवायचं. जंगलात शिरलं का घंटी, आणि घंटीच्या वर आमची तोंडं. एकमेकींले अशा शिव्या द्यायचो का वाघालेही वाटत असेल, बायांचं भांडण आहे, मधात पडू नये. मोहाच्या दिवसात त्या रस्त्याले गोड वास सुटे. पोतं टपटप गळे, पोटऱ्या ओल्या होत. तसं हसणं मी पुन्हा हसली नाई.

आणि सगळ्याइत जोरात मी. पहिले पोचणारीची मरळ, महागाची मासोळी, मोठ्या क्वार्टरवाल्या बाया घेत. एक दिवस मी अशी हाणली का बाकीच्या तिघी माझ्यामागं धापा टाकत आल्या. जंगल संपल्यावर पाहिलं, तर आम्ही चारच. कुंता नाई.

परत गेलो. नाल्याच्या पुलियावर कुंता उभी. सायकल आडवी, चेन लोंबलेली, मासे मातीत. हवा भरायचा पंप दोन्ही हातानं काठीसारखा धरलेला. वाघ आला नव्हता, काही आलं नव्हतं. पण तिचा हात सोडवाले दोघी लागल्या. दुसऱ्या दिवशी कुंतानं सायकल ओसरीत उलटी टांगली आणि रोजीनं धान रोवाले जाऊ लागली.

मी गावभर सांगत फिरली, "कुंता भित्री आहे." देवराव जेवता जेवता म्हणाला, "तू जोरात चालवते हे तिले माहीत होतं. तू थांबत नाई हे काल माहीत झालं."

मग आम्ही रीत बदलवली. जे हळू चालवते ते पुढं, तगडी सगळ्यात मागं. शेवटपर्यंत मागं मीच राह्यली. पण "मी चुकली" असं मी कुंताले कधी म्हणाली नाई. मागच्या साली ते गेली. सायकल अजून तिथंच टांगली आहे.

नोकरी सोडायचं म्हणत म्हणत हर्षा आठवडाभर एसटीनं गेली, आणि तिची सायकल टेम्पोनं घरी आली. काल रविवारी प्रफुलचे सायकलवाले आमच्या अंगणात चहाले थांबले. एक म्हणे पाणी घोट घोट प्या, एक म्हणे चेनले तेल दिल्यावर पुसून घ्या. त्यातला सुरेंद्र मले म्हणाला, "आजी, तुमी बी चालवत होत्या म्हणे. एखांदी गोष्ट आमाले बी सांगा ना."

मी सांगितली. कुंताची. माझं नावही लपवलं नाई. हर्षा दारात उभी राहून ऐकत होती.

प्रफुल बोलला, "पण आजी, हर्षाच्या मागं राह्यलो तर माझा टाइम..."

"बस कर," मी म्हणाली. "तू जोरात चालवते प्रफुल, माझ्यावरच गेला आहेस, म्हणून तुले सांगून राह्यली. मी एका बाईची सायकल टांगवली, दुसरी ह्या घरात टांगू देणार नाई. उद्यापासून हर्षा पुढं आणि तू तिच्या मागं. तिची चेन उतरली का हात तुझे काळे झाले पाहिजेत. जमत नसेल तर तुझी सायकल ओसरीत टांग आणि एसटीनं जा. हर्षा कामाले जाईल."