आवाज पुढे, ओठ मागे

एस्तेर मॅडमचे ओठ मिटलेले होते आणि त्यांचा आवाज मात्र केव्हाच पुढे निघून गेला होता. टीव्हीवर त्यांचा चेहरा नाकापासून हनुवटीपर्यंत एवढा मोठा दिसत होता, की दातांमधली फट मोजता आली असती. "पा," आवाज म्हणाला. ओठ हलले नाहीत. "बा," आवाज म्हणाला. ओठ आत्ता कुठे 'पा'साठी उघडले, मध्येच थिजले आणि एकदम उडी मारून 'मा'वर जाऊन बसले.

कॉटवर बसलेल्या आण्णांनी मन लावून ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कुठला आवाज कुठल्या ओठांचा, हे त्यांना लागेना. शेवटी त्यांनी डाव्या हाताने कॉटच्या कडेवर जोरात थाप मारली.

"आयला!"

हा शब्द त्यांना स्पष्ट येत होता. हा आणि 'व्हय'. अर्धांगाचा झटका आल्यापासून आण्णांकडे एवढे दोनच शब्द उरले होते, आणि तेही ते बोलत नव्हते, त्यांच्या तोंडून नुसते निसटत होते. पाय दुखला तरी आयला, मुलगी-मुलगा आले तरी आयला. चहा हवा का, तर व्हय. नको का, तरी व्हय. आणि हा माणूस शेवगावच्या बाजारात एका अडत्याकडे उभी हयात लिलाव पुकारत आलेला. कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी आवाज टाकला, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही भाव कळायचा.

"ह्या बाईचं काय झालंय?" लंकाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "बोलत्यात आधी आन तोंड उघडत्यात मागनं."

"बाईंचं काही नाही झालं, आई. बोर्डाला झेपत नाहीये."

"मंग झेपंल असला आनायचा ना."

धनश्री आण्णा-लंकाबाईंची थोरली मुलगी. ती नगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि शनिवारी दुपारी एसटीने शेवगावला, तिथून जीपने गावी यायची. टीव्हीमागे चिकटपट्टीने लावलेला तो बोर्ड, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढ्या हिरव्या पट्टीवर बसवलेला अख्खा संगणक, तिनेच निवडला होता.

निवडावा लागला होता, कारण बाकी सगळं करून झालं होतं. एस्तेर मॅडम नगरच्या वाचा-उपचार करणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, की बोलणं जे काही परत यायचं, ते पहिल्या काही महिन्यांत जास्त येतं. सराव रोज हवा, आणि ओठ कसे हलतात ते आण्णांना मोठं दिसलं पाहिजे. म्हणून त्या दर भेटीनंतर आपल्या फोनवर स्वतःच्या तोंडाचे व्हिडिओ काढून पाठवायच्या. झटक्याने आण्णांची उजव्या बाजूची नजरही अधू झालेली, त्यामुळे फोनवर त्यांना काही धड दिसत नव्हतं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, तर टीव्ही म्हणाला, ही फाइल मला ओळखता येत नाही. टीव्हीला लावायची स्मार्ट कांडी आणली, तर ती नेटशिवाय एक पान पुढे सरकेना, आणि गावात नेट म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहिलं तर मिळणार. शिवाय तिच्या पडद्यावर चित्रंच चित्रं. आण्णांनी रिमोट दाबला, की कुठल्या तरी मारामारीची जाहिरात सुरू.

मग बोर्ड. प्रयोगशाळेचं साहित्य घ्यावं तसा धनश्रीने तक्ता केला. प्रोसेसर, मेमरी, तापण्याचं प्रमाण, किंमत. त्यातला सगळ्यात स्वस्त, गरजेपुरता बोर्ड घेतला. एका छोट्या कार्डावर त्याची प्रणाली भरली. चालू केला की मॅडमचे व्हिडिओ आपोआप सुरू व्हावेत, अशी सोय केली. एकच गोष्ट तिने पाहिली नव्हती. हल्लीचे फोन व्हिडिओ फार घट्ट दाबून साठवतात, आणि तो दाब सोडवायची वेगळी सोय ह्या स्वस्त बोर्डात नव्हती. तो बिचारा आवाज लगेच सोडायचा आणि चित्राशी झगडत बसायचा.

पुण्याहून धाकट्या भावाचा, कल्याणचा फोन आला. "ताई, अजून त्या पट्टीशीच खेळतेस का? सरळ स्मार्ट टीव्ही घे की."

"नेट कुठून आणू? तुझ्या पुण्याहून वायर ओढू?"

"मग फोनवर दाखव."

"तू महिन्यातनं एकदा येतोस. एकदा त्यांच्यापुढे फोन धरून बस आणि मग मला शिकव."

"चिडू नको गं! मला वाटलं, एमएस्सीवाल्यांना टीव्ही लावता येत असेल." आणि तो हसला.

हसण्याचं तिला वाईट वाटलं नाही. तो बरोबर बोलत होता, ह्याचं वाटलं.

दुसरा बोर्ड आणला. जरा मोठा, पंखा असलेला. त्याच्या माहितीपत्रकात फोनचे व्हिडिओ चालतात असं ठळक लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. चिपमध्ये ती सोय होती. पण ती सोय वापरायला लागणारी प्रणाली बनवणाऱ्यांनी एकदाच बनवून सोडून दिलेली, आणि ती जिथून उतरवून घ्यायची ते पान बंद झालेलं. नव्या प्रणालीला त्या सोयीचा पत्ताच नव्हता. धनश्री कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसून परक्या लोकांनी परक्या लोकांना विचारलेले प्रश्न वाचत राहिली. एकाला अगदी हीच अडचण आलेली. त्याच्या प्रश्नाखाली त्यानेच लिहिलं होतं : सुटलं, आभार. कसं सुटलं, ते लिहिलं नव्हतं. त्या माणसाचा तिला इतका राग आला, की तिने लॅपटॉप मिटून ठेवला.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या बोर्डावर पुन्हा तेच. ओठ थोडे जवळ आले होते, पण मागेच. आण्णांनी एकदा पाहिलं, मान भिंतीकडे वळवली आणि ते पडून राहिले.

"आता बघतच न्हाईत," लंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "काल म्या लावलं तवा डोळं मिटून घ्येतलं. धने, दिवस चाललंत गं."

धनश्रीला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

परतीच्या एसटीत, खिडकीची काच खडखडत असताना, तिला अचानक सुचलं आणि सुचल्यासरशी स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. व्हिडिओला झेपेल असा बोर्ड ती शोधत बसली होती. बोर्डाला झेपेल असा व्हिडिओ करता येत होताच की! जुन्या, सैल पद्धतीने तोच व्हिडिओ पुन्हा साठवायचा, बस. फाइल मोठी होईल, होऊ दे. तिने कॉलेजच्या संगणकाला ते काम लावलं आणि पुढच्या शनिवारी पहिला, स्वस्तातलाच बोर्ड पुन्हा टीव्हीमागे चिकटवला.

आणि "पा" म्हणताना एस्तेर मॅडमचे ओठ 'पा'लाच उघडले.

आण्णा भिंतीकडून वळले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी ओठ मिटले, गाल फुगवले आणि फुटक्या, खरखरीत आवाजात म्हणाले, "बा."

"बा म्हनले!" लंकाबाई पिठाचे हात तसेच घेऊन आल्या.

"पा म्हणायचं होतं," धनश्री म्हणाली, पण तिचाही चेहरा खुलला होता.

रविवारी तिने आईला नीट बजावलं. हा बोर्ड चालू असताना त्याचं बटण बंद करायचं नाही. तो कार्डावर सतत बारीकसारीक काहीतरी लिहीत असतो. लिहिता लिहिता वीज गेली, की कार्ड बिघडतं. लाइट गेली तर काय, ह्याची तिने सोय केली होती. फोन चार्ज करायची बॅटरी मध्ये जोडली होती.

"आन व्होल्टेज वाढलं म्हंजी? मागचा टीव्ही तसाच जळला."

हे खरं होतं. रानातल्या मोटारी एकदम बंद झाल्या, की घरातली वीज उसळायची. म्हणून ह्या घरातून बाहेर पडताना शेवटचा माणूस दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढायचा. कुलूप लावण्याइतकंच ते अंगवळणी पडलेलं.

"मेन पाडला तरी बॅटरीवर चालू राहील. पण ती फार वेळ पुरत नाही. बाहेर जायच्या आधी मला फोन कर, बंद करायची रीत सांगते."

लंकाबाईंनी बोर्डाच्या बटणाला कुंकवाची टिकली लावून ठेवली, चुकून हात जायला नको म्हणून.

सोमवारी सकाळी तिघंही जीपने नगरला गेली. एस्तेर मॅडमनी आण्णांना तपासलं, 'बा' ऐकून टाळी वाजवली आणि पुढचा सराव दिला. धनश्री कॉलेजला गेली, आई-आण्णा गावी परतले. संध्याकाळी आईचा फोन.

"टीव्ही काळा हाय. बारीक पांढरी अक्षरं आल्याती नुस्ती."

धनश्रीला लगेच कळलं. कार्ड गेलं होतं. "आई, मी काय सांगितलं होतं? आधी बोर्ड बंद केल्याशिवाय मेन पाडायचा नाही म्हणून दहादा सांगितलं! तुला एवढं लक्षात राहत नाही? आता शनिवारपर्यंत सगळा सराव बंद. सगळा!"



"म्या न्हाई पाडला," लंकाबाई म्हणाल्या. "आमी दोगं जीपमधी बसलो हुतो. कुलूप कुनी लावलं?"

धनश्रीला आपला हात दिसला. एका हातात कुलूप, आणि दुसरा हात न विचारता वर गेलेला, लहानपणापासून जातो तसा. खटका खाली. मग कडी. मग जीपमध्ये बसून ती गाडीवाल्याला म्हणाली होती, चला.

"आई..."

"ऱ्हाऊ दे. ह्ये इचारतेत, बाई कवा येनार म्हनून. म्हंजी टीव्हीकडं हात करतेत."

तो आठवडा तिला फार जड गेला. वर्गात शिकवताना मध्येच तिला आण्णांचा काळ्या टीव्हीकडे केलेला हात आठवायचा. तिने तो तक्ता पुन्हा काढून पाहिला. प्रोसेसर होता, मेमरी होती, ताप होता. ज्या घरात हे यंत्र राहणार होतं, त्या घराचा रकाना मात्र तिने आखलाच नव्हता, आणि ती तर त्याच घरात वाढलेली.

ह्या खेपेला तिने नवीन काही विकत घेतलं नाही. बोर्ड तोच ठेवला आणि कार्डाला आतून कुलूप घातलं. बोर्डाने कार्डावरचं वाचायचं, लिहायचं काहीच नाही; जे काही टिपायचं ते तात्पुरत्या स्मृतीत, वीज गेली की पुसलं जाईल असं. व्हिडिओ वेगळ्या पेनड्राइव्हवर, त्यावरही लिहायला बंदी. आता खटका पाडणं हीच बंद करायची रीत. निदान कागदावर तरी. कागदावर तिचा विश्वास उरला नव्हता.

शनिवारी रात्री तिने बॅटरीही काढून टाकली. एस्तेर मॅडम टीव्हीवर आल्या, आण्णा उशीला टेकून सरसावून बसले. "पा," मॅडम म्हणाल्या. आण्णांनी ओठ मिटले, आणि धनश्रीने मेन स्विच खाली ओढला.

अंधार. पंखाही थांबला.

"अगं, काय करतीस?"

"बघते, परत चालू होतो का." तिने खटका वर केला. टीव्ही काळा, मग निळा, मग मॅडम. "पा." आण्णांनी पुन्हा ओठ मिटले. तिने पुन्हा खाली ओढला.

"धने, त्यान्ला करू दे की गं जरा!"

"आज पाडून नाही बघितलं तर सोमवारी परत बंद पडेल. मग कुणाला विचारू?" तिचा आवाज चढला होता, आणि तो कुणावर चढला होता हे तिचं तिला कळत नव्हतं. खटका वर. मॅडम. "पा, बा." खाली. वर. मॅडम. आण्णांचा चेहरा लाल होत गेला. दर वेळी ते ओठ जुळवायचे, आणि दर वेळी ती बाई त्यांच्यासमोरून गडप व्हायची. "आयला," ते म्हणाले. मग जास्त जोरात, "आयला!" धनश्रीने आणखी एकदा ओढला.

आण्णांनी डावा हात उचलून सरळ तिच्यावर रोखला. जबडा एका बाजूला ओढला गेला, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि अंधाऱ्या खोलीत, बाजारात टाकायचे त्याच्या चौथाई आवाजात, पण त्याच हेलात, ते ओरडले,

"लाव!"

खटक्यावरचा धनश्रीचा हात तसाच राहिला. हा शब्द एस्तेर मॅडमच्या कुठल्याच व्हिडिओत नव्हता. हा आपोआप निसटणाराही नव्हता. तो त्यांनी शोधून काढला होता, तिला उद्देशून.

"काय म्हनलात?" लंकाबाई कॉटशी जाऊन बसल्या. "अवो, परत म्हना की. येकदाच."

आण्णांनी ओठ हलवले. जीभ वर नेली, खाली आणली. काही येईना. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा. डोळ्यांत पाणी आलं, हाताने कॉटच्या कडेवर थाप पडली. "आयला!"

"आई, नको विचारूस गं आता," धनश्री म्हणाली. "त्यांनी जे सांगितलं ते करू आपण."

तिने खटका वर केला आणि हात बाजूला घेतला. पंखा फिरू लागला. टीव्ही काळा होता, मग निळा झाला. आण्णांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. मॅडम यायच्या आधीच त्यांनी ओठ मिटून घेतले होते.