तेल अडलं तो हिवाळा

तेलाच्या भावाची बातमी लागली की म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीचा हिवाळा आठवतो, आणि आठवला की बायको म्हणते, "झालं, आता हे तासभर इथे नाहीत."

त्या वर्षी कुठेतरी दूर लढाई जुंपली. शत्रूच्या दोस्तांना धडा शिकवायचा म्हणून तेलवाल्या देशांनी नळ आवळला. भांडण त्यांचं, घसा कोरडा पडला साऱ्या जगाचा. भाव महिन्यामहिन्याला चढू लागला आणि पंपांवर नियम लागला: आज विषम नंबरच्या गाड्या, उद्या सम.

त्याची टॅक्सी सम, थोरल्या भावाची विषम. वडिलांची जुनी गाडी दादानं न विचारता विकली, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. तीन वर्षं एकाच स्टँडवर उभे राहायचे, पण एकमेकांकडे मान म्हणून वळवायचे नाहीत.

एका विषम दिवशी दुपारी तो पायी घरी निघाला होता. पंपाची रांग पार शाळेपर्यंत आलेली. थेंब वाचावा म्हणून सगळ्यांनी इंजिनं बंद ठेवली होती. रांग सरकली की जो तो उतरून गाडी ढकलायचा. दादाही दाराला खांदा लावून रेटत होता. गाडी हलेना. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता. दादानं कंबर धरली आणि डोळे मिटले.

त्याला बघवेना. मागे जाऊन त्यानं डिकीला दोन्ही हात लावले.

गाडी हलली तसा दादा न बघताच ओरडला, "देव तुमचं भलं करो हो!"

"देवाला मध्ये आणू नकोस. स्टिअरिंग सरळ धर."

दादा वळला. स्टिअरिंग सरळ धरत म्हणाला, "आज तुझा वार नाही."

"माहितेय."

दोन तास ढकलल्यावर पुढे तीनच गाड्या उरल्या, आणि पंपवाल्यानं 'पेट्रोल संपले' ही पाटी लावली. दादाला हसूच फुटलं. मग दोघांनी ती टॅक्सी घरापर्यंत ढकलत नेली.

वाटेत दादा म्हणाला, "बाबांच्या गाडीचे ब्रेक गेले होते. तू चोरून तीच न्यायचास. सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

दारात वहिनी उभी. दोघांना बघून म्हणाली, "जमली म्हणायची बैलजोडी!" आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. ती रडत होती, हे त्याला फार उशिरा कळलं.

पुढे नळ सैल झाला, भाव मात्र खाली उतरला नाही. दोघा भावांनी एक टॅक्सी विकली आणि दुसरी एकोणीस वर्षं पाळीपाळीनं चालवली. दुपारी पाळी बदलायची; पण दादा लगेच घरी जायचा नाही. पुढच्या सीटवर बसून राहायचा, आणि गिऱ्हाइकानं "हे कोण?" विचारलं की म्हणायचा, "मी? मी फक्त ढकलायला."