चिडीचूप घरातली दहावी

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कबूल करायला मला फार जड जातं.

आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. थंडी ओसरली की माझा मसाल्याचा हंगाम सुरू होतो. ऑर्डरी घ्यायच्या, मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, धणे, खोबरं, लवंगा वेगवेगळ्या भाजायच्या आणि डबे भरून खालच्या गल्लीत गंगाधर भाऊजींच्या कांडपावर कुटायला न्यायचे. गेली सोळा वर्षं हेच चाललंय. माझी अनुजा त्या ठसक्यातच रांगली आणि शिंकत शिंकत पाढे शिकली. यंदा तिची दहावी. कुणीतरी मोबाइलवर यादी पाठवली, दहावीच्या पालकांनी काय करावं याची. त्यात पहिलंच होतं, घरात शांतता ठेवा. आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की मग समोरच्याची धडगत नसते.

यंदा मसाला बंद, असं मी जाहीर केलं. टीव्हीची वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजवायला लागले. माझे सासरे दगडूबाबा सकाळी रेडिओ लावतात, तो पेटीत गेला. अनुजाचे पप्पा हितेंद्र फ्रिज-एसी दुरुस्तीची कामं करतात. दिवसभर फोनवर मोठमोठ्यानं बोलायची सवय, ते जिन्यात जाऊन बोलू लागले. एवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून गॅलरीत पाटी लावली: 'शांतता राखा. अनुजाची दहावी आहे.' बाराच्या बारा खोल्यांनी ती पाळली. शेजारच्या सुभद्राकाकू हळद मागायला आल्या, त्यासुद्धा खुणेनं मागून गेल्या. मला तर कृतार्थ वाटलं.

मी स्वतः अनुजासमोर तांदूळ निवडत बसायची. तिचं पेन चालत असलं की बरं वाटायचं. थांबलं की माझी मान वर.

पूर्वपरीक्षेत बीजगणितात तिला चाळीसपैकी सतरा पडले. सहामाहीला एकोणतीस होते. मी ओरडले. म्हणजे कुजबुजत ओरडले, कारण पाटी मीच लावली होती.

"घरात एवढी शांतता, तरी सतरा? आणखी काय करू गं मी?"

ती नखानं वहीचा कोपरा सोलत राहिली. दोन दिवसांनी म्हणाली, "मम्मी, मी शाळा सुटल्यावर चिंचपोकळीच्या अभ्यासिकेत बसत जाईन." मला आनंदच झाला. अभ्यासिका म्हणजे आमच्या घराहून शांत.

आठवड्यानं मी गरम घावणे डब्यात घालून तिथे गेले. खुर्चीवरच्या गृहस्थांनी वही चाळली, पुन्हा चाळली आणि म्हणाले, "या नावाची मुलगी आमच्याकडे येत नाही, ताई."

त्यानंतर मी परत कशी चालले ते विचारू नका. डोक्यात नको नको ते. कुणाबरोबर फिरते, कुठे बसते, कुणी पाहिलं असेल? परीक्षेला बारा दिवस उरलेत आणि पोरगी खोटं बोलते. तावातावानं मसाल्याच्या गल्लीतून येत होते तर गंगाधर भाऊजींच्या दारात मला निळ्या चपला दिसल्या. डाव्या चपलेचा पट्टा मीच दाभणानं शिवलेला.

आत कांडपाची लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती. त्या आवाजात माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नाही. मागच्या बाजूला मिरच्यांची पोती, आणि त्या पोत्यांना टेकून, तोंडाला ओढणी बांधून, माझी मुलगी बीजगणित सोडवत होती. डोळे लाल, नाक लाल, आणि पेन असं भरभर चाललेलं की मी तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

गंगाधर भाऊजींनी मला पाहिलं आणि मशीन बंद केलं. मशीन थांबलं तसं पेनही थांबलं. तिनं वर पाहिलं.

"हे काय आहे?" मी म्हटलं. आता ओरडायला काहीच हरकत नव्हती, तरी सवयीनं कुजबुजलेच. "मिरच्यांत बसून अभ्यास? घरी काय कमी आहे तुला?"

"घरी सगळे माझ्यासाठी गप्प असतात, मम्मी." तिनं ओढणी खाली ओढली. "आबा रेडिओ लावत नाहीत, पप्पा जिन्यात जाऊन बोलतात, काकू खुणा करतात. माझं पेन थांबलं की सगळ्या घराला कळतं. मला विचार करायला पण थांबता येत नाही. मी नुसतंच काहीतरी लिहीत बसते, तू वर बघू नयेस म्हणून."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगू? तू मसाला बंद केलास माझ्यासाठी."

ती रडायला लागली. मिरचीनं की कशानं कुणास ठाऊक. माझे डोळे मात्र मिरचीनं वाहत नव्हते. सोळा वर्षं त्या धुरात काढलेली बाई आहे मी.

"इथे बसायला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आबांनी."

घरी आल्यावर मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. ते गिरणीत साचेखात्यात होते, दिवसभर मागांचा खडखडाट. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"सुचित्रा, गिरण बंद पडली तेवा म्हयनोभर माका झोप लागाक नाय," ते म्हणाले. "आवाज नसलो तर माणूस सगळा ऐकता. सवय वेगळी असता गे एकेकाची."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकतस?"

मी सरळ गॅलरीत गेले आणि पाटी काढली. सुभद्राकाकू दारातच उभ्या होत्या. "सुटलो गं बाई," त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की तिसऱ्या खोलीतलं बाळ रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑर्डरी घेतल्या. रेडिओ सुरू झाला, कुकर शिट्ट्या मारू लागला, पप्पा गॅसच्या प्रेशरबद्दल फोनवर भांडू लागले. अनुजा या सगळ्याच्या मधोमध बसली. मी तिच्याकडे पाठ करून गॅसवर धणे भाजत होते. वळून बघायची इतकी इच्छा होत होती, की दोनदा चमच्यानं हात भाजला. पण वळले नाही. एवढ्या गोंगाटातही माझा कान तिच्या पेनावर होता; एकदा ते बराच वेळ वाजलं नाही. मी धणे हलवत राहिले. मग ती आपणच म्हणाली, "मम्मी, हे समीकरण सरांनी शिकवलं तेव्हा मी आजारी होते. मला येतच नाही ते."

इतके दिवस हे तिच्या मनात होतं. मला ते काही येत नाही, पण पप्पांनी शाळेत जाऊन सरांची वेळ मागून घेतली. तीन दिवस ती शाळेत लवकर जाऊन बसली.

एकच काळजी मला खात होती. परीक्षेच्या हॉलमध्ये कांडप कुठून आणायचं? तिथे तर टाचणी पडली तरी ऐकू येते. मी तिला बोलले नाही, मनातच ठेवलं.

बीजगणिताच्या दिवशी शाळेच्या गेटपाशी आयांची रांग लागते. पेपर सुटला की पोराला गाठायचं आणि तिथेच रस्त्यावर एकेक प्रश्न विचारायचा. मी गेले नाही. 'कसा गेला' हे विचारणार नाही, असा शब्द दिला होता अनुजाला. घरी बेडगी मिरची भाजायला घेतली, म्हणजे तोंडाला फडकं बांधावं लागतं आणि बोलता येत नाही.

ती आली. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली, शिंकली. मी कढईत बघत राहिले. सासरे पेपर वाचायचं नाटक करत होते, उलटा धरून.

"मम्मी," ती माझ्या शेजारी खाली बसत म्हणाली, "शेवटचं गणित अडलं होतं. दहा मिनिटं राहिली होती आणि हॉल एकदम चिडीचूप. मला वाटलं, संपलं. मग मी बाकाखाली पायानं ठेका धरला, गंगाधरकाकांच्या मशीनचा. धाड, धाड, धाड. मॅडमनी डोळे वटारले, पण तोपर्यंत मला स्टेप आठवली होती. आणि ते सरांचं समीकरण आलं होतं, ते तर मी पहिलंच सोडवलं. भूमितीत मात्र मला अजून एक गोष्ट कळत नाही, सांगू?"

सांग ना, असं मी मनात म्हटलं. किती वेळ ती बोलत होती! प्रश्न मी एकही विचारला नव्हता. बीजगणित संपलं, भूमिती झाली, मग मैत्रीण, मग अकरावीला काय घ्यायचं. इतक्या महिन्यांनी माझी मुलगी माझ्याशी बोलत होती आणि मी फडक्याआडून नुसती मान हलवत होते.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "सुचित्रा, करपता गे."

कढईतली किलोभर बेडगी काळीठिक्कर झाली होती. मी गॅस बंद केला आणि अनुजाला म्हटलं, "हां, पुढे?"