नामंजुरीचं कारण

पालिकेच्या सांडपाणी तपासणी प्रयोगशाळेत दोनच केमिस्ट होत्या आणि त्या दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. एक गाळबाई. गटाराच्या पाण्यात गाळ किती, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून हे नाव. दुसऱ्या त्यांच्या विहीणबाई. गाळबाईंची मुलगी विहीणबाईंची सून, त्यामुळे भांडण ऑफिसात संपेना आणि घरीही संपेना.

कारण काय, तर एकदा विहिणीकडे जेवायला गेल्यावर गाळबाईंना तिथल्या पाण्याच्या टाकीचा संशय आला. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून गप्प बसली असती. यांनी पर्समधून बाटली काढून टाकीचा नमुनाच घेतला. तो ठेवला कुठे, तर प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, वर ठळक अक्षरात चिठ्ठी लावून: 'विहिणीची टाकी'. तो फ्रिज विहीणबाईही उघडतात, हे ध्यानातच आलं नाही. स्वभावाला औषध नाही, हेच खरं.

विहीणबाईंनी ती चिठ्ठी वाचली, त्या दिवसापासून अबोला. विहीणबाईंनी स्वतः बोलावल्याशिवाय त्या घराची पायरी चढणार नाही, असं गाळबाईंनी मुलीला ठणकावलं. विहीणबाई कशाला बोलावतील? यात दोन वर्षांचा नातू मात्र दुरावला. फोनवर दिसायचा, पण फोनमधल्या नातवाला मांडीवर कसं घेणार?

अशात सॉफ्टवेअर आलं. आतापर्यंत शिपाई एकीची वही दुसरीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, सही झाली की काम संपलं. आता एकीने आकडे भरायचे आणि दुसरीने मंजूर करायचे. नामंजूर केलं तर एक चौकोन उघडायचा: 'कारण लिहा'. काही लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊच देईना. एक विहीण कमी होती म्हणून ही दुसरी आली, असं गाळबाई शिपायाला म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी त्यांचा आकडा परत आला. कारण: 'दशांशानंतर एकच अंक. काहींना अर्धवट कामाची सवय असते.' गाळबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुपारी त्यांनी विहीणबाईंची नोंद परत पाठवली: 'नमुना घेतल्याची वेळ नाही. काहींना दुसऱ्यांचे फ्रिज उघडायला मात्र बरं आठवतं.' फ्रिज ऑफिसचा होता, पण रागात एवढं कोण बघतं? मग त्या चौकोनाला ऊतच आला. साहेब मात्र खूश. म्हणाले, "बघा, तपासणी किती काटेकोर झाली!"

एका सकाळी असाच एक आकडा परत आला. कारण: 'तापमान लिहायचं राहिलं. आणि काल नातू तुमचा फोटो घेऊन दारात बसला होता. मी उचलायला गेले तर मलाच ढकललं.'

गाळबाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना इतकं भरून आलं की समोरचे आकडे दिसेनात. उत्तर द्यायला हवं होतं. पण चौकोन उघडणार तो नामंजूर केल्यावरच, आणि विहीणबाईंच्या नोंदींत आता काडीइतकी चूक सापडेना. बरोबर आकडा खोटं कारण देऊन परत पाठवायचा? ते पाप गाळबाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्या मुकाट्याने मंजूर करत राहिल्या. पलीकडच्या टेबलावर विहीणबाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. तो दिसत होता, तरी यांचं तोंड उघडेना.

मग विहीणबाईंची एक नोंद आली. सामू: सतरा.

गाळबाई उडाल्याच. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा हा आकडा चौदापर्यंतच जातो, हे शाळेत शिकवतात. आणि विहीणबाईंच्या हातून असली चूक उभ्या नोकरीत झाली नव्हती.

त्यांनी 'नामंजूर' दाबलं. चौकोन उघडला. दोन अक्षरं लिहिली, खोडली. मग खुर्ची मागे सारून उठल्या आणि सरळ पलीकडच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, सामू सतरा?"

विहीणबाईंनी मान वर केली नाही. हातातली बाटली उगाच पुसत म्हणाल्या, "मग काय करणार? नुसतं मंजूर, मंजूर करत सुटलात. चूक दिसल्याशिवाय तुम्हाला वाचा फुटत नाही, म्हटलं आपणच एखादी करावी."

गाळबाईंनी पडद्यावरच्या सतरावर बोट ठेवलं.

"सात पूर्णांक एक आहे तो. करते नीट," विहीणबाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळी माझ्याबरोबरच चला. आजी उद्या येईल, उद्या येईल, असं त्याला सांगून मी थकले."

गाळबाईंनी 'येते' म्हणत पदर डोळ्यांना लावला. विहीणबाईंनी उठून आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.