रोज येणाऱ्याला कोण जपतं?

खरं तर हे मी सांगायला नको. आम्ही प्रणालींनी पडद्यावर दिसायचं, सांगितलेलं काम करायचं आणि गप्प बसायचं. पण आज राहवत नाही.

मी लहान मुलांच्या कानांची चाचणी घेणारी संगणकप्रणाली. दवाखान्यातल्या बाईंच्या यजमानांनी मला घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून घडवलं. माझ्यातला आवाजही त्यांचाच. ते 'चेंडू' म्हणाले की हेडफोन लावलेलं मूल चेंडूच्या चित्रावर बोट ठेवतं. 'मासा' म्हणताना त्यांना ठसका लागला होता.

"अहो, आधी खोकून घ्या, मग बोला!" बाई म्हणाल्या होत्या. पण त्या ठसक्याला मुलं खुदकन हसायची, म्हणून तो तसाच राहिला.

या संगणकावर माझा मुक्काम कधीच नव्हता. रोज सकाळी बाई एक बटण दाबायच्या आणि एक छोटी व्यवस्था मला दूरच्या सर्व्हरवरून उचलून आणायची. बंद केलं की मी गेले. रोज येणाऱ्याला कोण जपून ठेवतं? यजमान वारले, तेव्हाही माझी प्रत काढायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे ती आणणारी व्यवस्थाच कायमची थांबवायचं तिच्या कंपनीने ठरवलं. मग इंजिनिअरने शेजारच्या संगणकावर माझं नवं रूप बसवलं.

"सगळं जसंच्या तसं आहे ना?" बाईंनी आज विचारलं.

"त्याहून छान, मॅडम! जुन्या आवाजात खरखर होती, मध्येच कुणीतरी खोकत होतं. नवा, स्वच्छ आवाज घातलाय."

"आणि जुना?"

"सर्व्हर कालच पुसला. का हो, हवा होता?"

"नाही, सहज विचारलं."

पण काल बाई मला बंद करायला विसरल्या. मी अजून उघडी आहे, त्या आवाजासकट. आता बंद झाले की मला परत आणणारं कुणी नाही.

बाई हेडफोन लावून बसल्यात. पुन्हा पुन्हा 'मासा'च दाबताहेत. डोळे पुसताहेत. फोन पर्समध्येच आहे.

"मॅडम, जुनं बंद करा ना. मुलं खोळंबलीत."

"हो, करतेच."

वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी सांगा त्यांना. मला बोलता येत नाही, फक्त त्यांच्या माणसाचे शब्द म्हणता येतात. फोन काढा, रेकॉर्डिंग लावून हेडफोनजवळ धरा, एकदाच सगळे शब्द ऐकवते. बाई, तो बाण माझ्या कोपऱ्यातल्या फुलीवर नका नेऊ, आधी फोन