तेरा सदरे

तुम्ही तेरा सदरे जाळलेत, मॅनेजरसाहेब, आणि वर चिठ्ठी पाठवलीत: ‘बेवारस सामान, जळणाऱ्या कचऱ्यात दिले.’ बेवारस? खोक्यावर ३०४ लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

३०४ मध्ये इलिंका राहते. रुमानियाची. इथे जपानात, आपल्या कोतो भागातच बेकरीत पाव भाजते. तिचा मुलगा मातेई चौथ्या वर्षी तापाने गेला. गावी नेऊन पुरला. माझा ओजस त्याच्याच वयाचा. तेव्हापासून दर वाढदिवसाला ती मातेईसाठी एक सदरा शिवायची आणि माप ओजसचं घ्यायची.

“हात वर, ओजस.”

“आई, मी काय हँगर आहे का?” तो माझ्यावर खेकसायचा. पण हात वर करायचा.

तिच्या गावात पूर्वी लहान पोरं नुसत्या पोटरीपर्यंतच्या सदऱ्यात हिंडायची. मग पांढरी तंग विजार, मग मेंढीच्या कातड्याची बंडी. अठराव्या वर्षी कमरेला रुंद चामडी पट्टा; तो चढला की पोरगा पुरुष. पहिले दोन सदरे तिच्या आजीने विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे. ते संपल्यावर इथलं दुकानातलं सुती. गळ्याला काळं-लाल भरतकाम मात्र तेच. पाच ते सतरा, तेरा सदरे झाले. यंदा चौदावा, पट्ट्याचा. मग सगळे घेऊन ती मातेईच्या थडग्यावर मांडायला जाणार होती.

जूनमध्ये तुमचाच प्लंबर आला. कपाट रिकामं करा, भिंत फोडायचीय. तिने खोका माझ्या दाराशी ठेवला. “विभा-सान, दोनच दिवस.”

त्या महिन्यात व्हरांड्याची पाळी माझी. बाहेर दिसेल त्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, तीन दिवसांत हलली नाही तर कचऱ्यात. ३०१ च्या सायकलीला लावली. मैत्रिणीच्या खोक्याला सोडलं असतं तर? आमच्या फोडणीच्या वासाच्या दोन तक्रारी तुमच्या फाइलला आहेतच. लावली. म्हटलं, तीन दिवस आहेत की.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली. सायकल जागेवर. खोका नाही.

इलिंका ओरडली नाही. ओजस आपण होऊन तिच्यापुढे हात पसरून उभा राहिला. सहा फुटी पोरगा. “काकू, माप घ्या ना.” टेप तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, “एकटा पट्ट्याचा सदरा नेऊ? मधली वर्षं कुठायत म्हणून विचारेल तो.”

माझा नवरा केदार म्हणतो, “घराचं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, विभा. सॉरी म्हण, सोड.” म्हटलं सॉरी, तीनदा, तिच्या दारात उभी राहून. चिठ्ठी माझ्या हाताने लागली, ते मी नाकारत नाही.

पण त्या चिठ्ठीवर तारीखही माझ्याच हातची होती. तीन दिवस दिले होते. पहिल्याच सकाळी खोका कोणी नेला? नेण्याआधी झाकण उघडून पाहिलं होतं का? हो की नाही, ते लिहून द्या. मला नको. ३०४ मध्ये, तिच्या हातात द्या.